दुसऱ्या मध्यंतरापर्यंत

नाना गेले तेव्हा मी ऑकलंडमधल्या एका बर्फाच्या रिंकवर, काचेशी हँडीकॅम घेऊन उभा होतो. विद्यापीठांच्या आइस हॉकी स्पर्धेचा अंतिम सामना होता आणि आमच्या बाजूचा गोलकीपर माझा मुलगा निहार. तीन डावांच्या या खेळातलं दुसरं मध्यंतर झालं, मुलं ड्रेसिंग रूममध्ये गेली आणि माझा फोन वाजला. पुण्याहून दादा होता. "गेले रे नाना... आत्ताच." मी नुसतं "बरं" म्हणालो. वडील गेल्याचं ऐकून माणूस "बरं" म्हणतो, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. कॅमेरा बंद करायचंही सुचलं नाही.

नाना खडकीच्या कारखान्यात नोकरीला होते आणि कारखान्याच्या हॉकी संघाचे गोलकीपर. आई गेल्यावर सहा महिने ते आमच्याकडे, ऑकलंडच्या मनुरेवा उपनगरात, येऊन राहिले. निहारला मराठी कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. नानांचं इंग्रजी कामापुरतं. त्यामुळे पहिले दोन आठवडे आजोबा-नातू एकमेकांकडे बघून नुसते हसत होते. मग मी नानांना रिंकवर नेलं. "ही हॉकी? ही तर घसरगुंडी!" असं म्हणून त्यांनी नाक मुरडलं खरं, पण नातू गोलमध्ये उभा राहतो हे पाहिलं आणि म्हातारा जो हरखला! नंतर दर शनिवारी दोन स्वेटर, कानटोपी आणि चहाचा थर्मास घेऊन सगळ्यांच्या आधी गाडीत. निहारच्या संघातली पोरं लांबूनच "किया ओरा, नाना!" असा माओरी नमस्कार ठोकायची आणि नाना अंपायरसारखा हात वर करायचे. घरी गॅरेजमध्ये शिकवणी चाले. "मारणाऱ्याचे हात बघू नकोस, खांदा बघ. खांदा खोटं बोलत नाही." खेळ सुरू होण्याआधी गोलच्या दोन्ही खांबांना काठी लावायची, ठक, ठक, ही नानांची जुनी सवय. ती निहारने उचलली ती कायमची.

नाना परत गेल्यावर मी प्रत्येक सामन्याची टेप पुण्याला पाठवायचो. ती बघून नाना फोनवर निहारची खरडपट्टी काढायचे आणि निहार "येस आजोबा, येस आजोबा" करायचा. त्या हिवाळ्यात त्यांचं लिव्हर बिघडलं. दवाखान्यातून त्यांनी मला बजावलं, "त्याची स्पर्धा होऊ दे. तोवर त्याला काही कळू देऊ नकोस." आमच्याकडे ही रीतच. माझी बारावीची परीक्षा चालू असताना आजी गेली, ते नानांनी मला शेवटच्या पेपरनंतर सांगितलं होतं. दोन महिने मी त्यांच्याशी धड बोललो नव्हतो... आणि तरी मी तेच केलं. मेधा, माझी बायको, म्हणाली, "वीस वर्षांचा आहे तो, लहान आहे का? सांगूया." मी ऐकलं नाही. डॉक्टरांनी पंधरा दिवस दिले होते. रविवारी फायनल, आणि सोमवारची दोन तिकिटं मी गुपचूप काढून ठेवली होती, एक माझं आणि एक त्याचं. सगळं बरोबर बसत होतं. फायनलच्या सकाळी त्याने विचारलं, "हाउज आजोबा?" मी म्हणालो, "टेपची वाट बघताहेत." हे खोटं नव्हतं, म्हणून तर जास्त लागतं.

ड्रेसिंग रूम माझ्यापासून वीस पावलांवर होती. मी गेलो नाही. मुलं पुन्हा बर्फावर आली, निहारने खांबांना काठी लावली, ठक, ठक, आणि मी चित्रण करत राहिलो. कोणासाठी, ते विचारू नका. एका गोलने आमची मुलं जिंकली. निहार मुखवटा वर सारून काचेशी आला आणि कॅमेऱ्यात बघून ओरडला, "आजोबा, वी वन!" आणि थांबला. त्याची नजर कॅमेऱ्यावरून सरकली. तो माझ्या चेहऱ्याकडे बघत नव्हता, खांद्याकडे बघत होता.

"बाबा? ... आजोबा?"

मी मान हलवली.

"व्हेन?"

"मघाशी. मध्यंतरात."

"सो यू न्यू. अँड यू लेट मी प्ले."

एवढंच बोलला. ओरडला असता, काठी आपटली असती तर मला बरं वाटलं असतं. सोमवारच्या विमानात तो माझ्या शेजारी खिडकीकडे तोंड करून बसला. पोहोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. नानांच्या खाटेखाली आधीच्या टेपा एकावर एक रचलेल्या होत्या, आणि प्रत्येकीवर त्यांच्या अक्षरात 'निहार' लिहिलेलं होतं.

याला आता सहा आठवडे झाले. शेवटची टेप पाठवायला कोणी उरलं नाही. ती निहारने माझ्या कपाटातून न विचारता नेली. संध्याकाळी मी स्वयंपाकघरात असतो आणि त्याच्या खोलीतून सामन्याचा गलका ऐकू येतो. पहिला डाव, दुसरा डाव... मध्यंतराचा भोंगा वाजतो, मुलं आत जातात, आणि माझा फोन वाजायच्या आत तो टेप थांबवतो. पुढे काय आहे ते त्याने एकदा ऐकलंय, माझं "बरं"सुद्धा. मग टेप मागे नेल्याची घरघर येते. आत जाऊन त्याच्या शेजारी बसावं असं रोज वाटतं. दारापर्यंत जातोही. आत तो पुन्हा पहिल्यापासून लावतो. ठक, ठक.