राजनांदगाव रोडच्या रेस्ट एरियातलं कडी लावलेलं दार

इथे लोक लिहितात ते अनुभव मी गेली तीन वर्षं वाचते आहे आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसलेच आहे. अहिवाऱ्याच्या खाणींतून येणाऱ्या चुनखडीचे नमुने तपासायच्या एका लॅबमध्ये माझी नोकरी. नमुना, रीडिंग, सही... यापलीकडे कशावर विश्वास ठेवायची मला सवय नाही. तरी हे लिहिते आहे, कारण घरात याबद्दल कोणाशी बोलता येत नाही.

आम्ही भिलाईला स्मृति नगरमध्ये राहतो. मिस्टर स्टील प्लांटमध्ये आहेत, सासरेही तिथेच होते. ते गेल्यापासून सासूबाई आमच्याकडे. मी त्यांना आईच म्हणते. मागच्या पावसाळ्यात त्या घरात पडल्या आणि गुडघे कायमचे गेले. मग मीच हळूहळू विषय काढला, की काही दिवस साकोलीला धाकट्या दिरांकडे राहू देत. "काही दिवस" हा शब्द मी मुद्दाम वापरला होता. आईंना तो बरोबर कळला होता.

निघालो त्या दिवशी सकाळी दहाला. दुर्ग सोडेपर्यंत गाडीत कोणी बोललं नाही. पुढे आई मिस्टरांना म्हणाल्या, "थांबव बाबू, मले बाथरूमले जायचं आहे."

राजनांदगावच्या अलीकडे हायवेला लागून नवीन रेस्ट एरिया झालाय. पार्किंग, चहा-नाश्त्याचा काउंटर, ट्रकवाल्यांना आंघोळीची जागा, सगळं चकाचक. उन्हं छान होती, माणसंही होती. लेडीज टॉयलेटमध्ये शेवटचं एक रुंद होतं, धरायला स्टीलच्या दांड्या, दारावर व्हीलचेअरचं चित्र. आईंना आत सोडलं, त्यांनी कडी लावली, आणि मी बाटली भरायला इमारतीच्या मागे वॉटर कूलरवर गेले. लाइन होती. पाच-सात मिनिटं लागली असतील.

परत आले तर दार तसंच बंद.

"आई, झालं का?"

"येऊन राहिली ना."

आवाज आईंचाच. पंचवीस वर्षं ऐकलेला, त्यात चूक होणार नाही.

मी थांबले. परत विचारलं. आतून उत्तर आलं, "कावून घाई करून राहिली? मले नेऊन टाकायची घाई आहे?"

"आई, इथे नको. लोक आहेत."

"लोकायचं काय? लोकायले थोडंच माहीत आहे." मग जरा थांबून, अगदी दाराला तोंड लावल्यासारखं हळू — "मी पडली तवा तू घरातच होती. खोलीच्या दारात उभी होती. चादरीच्या घड्या करून राहिली होती."

हे खरं होतं. त्या सकाळी आमचं कडाक्याचं भांडण झालं होतं. मोरीपाशी धप्प आवाज आला, मी दारातून पाहिलं. आई माझ्याकडे पाठ करून पडल्या होत्या, उठायचा प्रयत्न करत होत्या. मी हातातल्या चादरीची घडी पूर्ण केली. मग दुसऱ्या चादरीची पण केली. मग गेले. हे मी मिस्टरांनाही कधी सांगितलेलं नाही.

घाबरायला हवं होतं मी, पण मला राग आला. म्हणजे यांना सगळं माहीत होतं आणि इतके महिने माझ्या हातचं जेवत गप्प बसल्या होत्या. मी दाराला टेकून दात-ओठ खात म्हणाले, "हो, होते उभी. तुम्ही उठल्याच नसत्या तर बरं झालं असतं."

आतून दारावर एक थाप पडली. एवढ्या जोरात की बिजागरी हलली. आईंना एका हाताने चहाचा कप धरवत नाही, दोन्ही हातांनी धरावा लागतो.

"काकर संग गोठियावत हव दीदी?" मागे सफाईवाली बाई उभी होती. कुणाशी बोलताय, विचारत होती.

"सासूबाई आत आहेत," मी हिंदीत सांगितलं.

"डोकरी दाई त कब के गाड़ी म बइठ गे हे. महीं छोड़ के आएंव."

म्हातारी आई केव्हाच गाडीत जाऊन बसली, म्हणाली; तिनेच हात धरून त्यांना गाडीपर्यंत नेलं होतं. दार बंद बघून ती वैतागली, कंबरेचा स्क्रूड्रायव्हर काढून फटीतून कडी सरकवली. आत कोणी नव्हतं. वर एक वीतभर जाळी, बस्स. फरशी कोरडी.

गाडी पार्किंगच्या दुसऱ्या टोकाला होती, इमारतीपासून साठेक पावलांवर. मी जवळजवळ धावतच गेले. आई मागच्या सीटवर, काचा बंद. चेहरा पांढरा पडलेला. मी दार उघडलं तशा त्या आत सरकल्या.

"आता कावून आली? बोलून झालं ना तुहं?"

"मी काय बोलले?"

"पडली तवा उठलीच नसती तर बरं झालं असतं म्हणली. या काचेपाशी उभी राहून म्हणली." "मी तर तुले एक शब्द नाही बोलली, वंदना. पूर्ण रस्ता नाही बोलली."

मिस्टर चहा घेऊन आले होते. मी त्यांच्याकडे बघितलं. ते म्हणाले, "काय झालं तुमचं? मी काउंटरवरून पाहत होतो, तू खिडकीत वाकून बोलत होतीस."

सफाईवाली म्हणते मी दारापाशी होते. मिस्टर म्हणतात मी गाडीपाशी. माझं मला माहीत आहे मी कुठे होते.

साकोलीपर्यंत आई खिडकीबाहेर बघत राहिल्या. मी एकदा म्हणाले, "आई, परत जाऊ या का घरी?" त्यांनी मान हलवली. नाही.

येताना मी मिस्टरांना परत तिथे थांबवलं. दारापाशी उभी राहून बोलले, ते गाडीत काचा लावून बसले. एक अक्षर ऐकू आलं नाही. ओरडले तरी नाही. ती बाई भेटली नाही, दुसरीच होती, तिला काही माहीत नव्हतं. आवाज कोणाचा होता, खिडकीपाशी कोण उभं होतं, आणि त्या चादरींचं त्याला कसं कळलं, याचं उत्तर मला आजपर्यंत मिळालेलं नाही. तुमच्यापैकी कोणी त्या रस्त्याने जात असाल आणि असं काही घडलं असेल तर सांगा. "मनाचे खेळ" हे कृपया लिहू नका, तो विचार मी करून झालाय.

आई परत आल्या नाहीत. रोज मिस्टरांना फोन करतात, माझ्याशी बोलत नाहीत. मागच्या आठवड्यात मिस्टर ड्यूटीवर होते, फोन घरीच विसरले होते, म्हणून मी उचलला. आई म्हणाल्या, "एक विचारू का? खरं सांगशील?"

"विचारा आई."

"मी पडली तवा किती येळ उभी होती तू?"

मी म्हणाले, "पाच मिनिटं असतील."

"मले लय जास्त वाटले," आई म्हणाल्या, आणि फोन ठेवला.