भट्टीवरून उतरून पाणी मागायला आले ते कोण?

भूत-बित, करणी, उतारा... यातलं मला आजही काही पटत नाही. अंगात आलेल्या बाईला "चाल, ऊठ, भाकरी थाप" असं तोंडावर सांगणारी मी! नात टाइप करतेय, भाषाही तिनंच थोडी नीट केलीय. पण घडलं ते माझ्या डोळ्यांदेखत.

महाराष्ट्र राज्य होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. आम्ही देऊळघाटचे. त्या उन्हाळ्यात मी, आमचे हे आणि धाकटा दीर भीमा असे तिघं बोथ्याच्या जंगलात एका कॉन्ट्रॅक्टरच्या कोळसाभट्टीवर कामाला होतो.

कोळसा करायचा म्हणजे लाकूड जाळायचं नाही, कोंडून भाजायचं. लाकडं उभी रचायची, वर पाला, त्यावर ओल्या मातीचा जाड लेप, बुडाशी हवेपुरती भोकं. आधी पांढरा धूर येतो, ते लाकडातलं पाणी. धूर निळा, पातळ झाला की भोकं लिंपायची. पण भाजताना लाकूड आकसतं, वरची माती खचते. भगदाड पडलं की हवा शिरते आणि सगळ्या मेहनतीची राख. म्हणून एकानं वर चढून खचलेलं बुजवायचं आणि दुसऱ्यानं खालून सारखी हाक द्यायची, "हाय का?" वरच्यानं म्हणायचं, "हाव." उत्तर नाही आलं की धावायचं.

त्या दिवशी भर दुपारी हे वर चढले. भीमा नाल्यावर पाण्याला गेला. मी हाक देत होते, तीन-चार वेळा "हाव" आलं. मग पाहते तर हे मागच्या बाजूनं उतरून पळसाखाली येऊन बसलेले!

"उतरले काऊन? बुजलं का?"

"मले पानी दे वं. लय तहान लागली."

गाडगं दिलं. घटाघटा सगळं रितं केलं. मी चिडलेच. "वा रे वा! आता भीमा भाऊजी पानी घेऊन येईपर्यंत मी काय धूर पिऊ?" ते गाडगं बाजूला ठेवून पळसाला टेकले. समोर बसलेल्या माणसाला हाक कशाला द्यायची? मी नाही दिली. घरी सासूजवळ ठेवलेल्या आमच्या पोरीचं, तिच्याकडे कधी जायचं त्याचं — बडबडत बसले.

तेवढ्यात भीमा नाल्याकडून बोंबलत आला. "वयनी! दादा वरडून राह्यला ना! तुमाले आयकू येत नाही काय?"

"ते काऊन वरडतीन? हे काय इथं—"

वळले, तर पळसाखाली कोणी नाही. गाडगं कोरडं ठाक. आणि भट्टीच्या माथ्यावर भगदाड, त्यातून जाळ.

कसंबसं ओढून काढलं. जीव नव्हता. माझे हात कोपरापर्यंत भाजले, त्याचे डाग अजून आहेत.

नाला तिथून कितीतरी लांब. तिथं भीमाला किंकाळी ऐकू गेली. मी वीस पावलांवर, मला नाही...

लोक म्हणाले, ऊन लागलं असेल. मग गाडगं कोणी रितं केलं? सासू म्हणाली, "शेवटचं भेटाले आला तुले, नशीबवान हायेस." नशीबवान! आग लागो त्या नशिबाला. भीमा भाऊजी मरेपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. त्यांचं काही चुकलं नाही. एक हाक दिली असती, तर उत्तर आलं नसतं आणि मी धावले असते.

ते हेच होते, की मला अडवून बसलेलं दुसरं काही? आजवर कळलं नाही. आणि हेच असतील, तर एवढं माझ्यापर्यंत येऊन पाणी तेवढं मागितलं... "मले बाहेर काढ" असं काऊन नाही म्हटलं?