गोळी फुलते की नाय?

रेंजवर नेमबाजी संपली की रिकाम्या पुंगळ्या झाडून गोळा करतात. किस्से मात्र कुणी झाडत नाही! ते साचत राहतात आणि चहाचा कप हातात आला की एकेक बाहेर पडतो. पिस्तुलाची गोळी फुलते का, हे घरगुती उपायांनी तपासायच्या नादात आमच्या टोळक्याने एका उन्हाळ्यात जेवढे किस्से जमवले, तेवढे मला क्राइम रिपोर्टिंगच्या अख्ख्या नोकरीत मिळाले नाहीत.

सुरुवात माझ्याच बातमीने झाली. बजाजनगरात एका परवानाधारकाकडून पिस्तूल साफ करताना गोळी उडाली. स्वतःच्या घराचं दार, समोरच्या घराचं दार, असं करत शेजाऱ्यांच्या फ्रीजमध्ये जाऊन बसली. शेजारीण नुकतीच फ्रीज बंद करून वळली होती!

ही काडतुसं विकणारा शेठ गिऱ्हाइकांना काय सांगायचा? "पोकळ टोकाची गोळी आहे. अंगात शिरली की फुलासारखी उमलते आणि तिथंच थांबते. मागच्या माणसाला काही धोका नाही!" मी छापलं, ही शुद्ध थाप आहे.

शेठ ऑफिसात आला, टेबल बडवलं. म्हणाला, "दार म्हणजे काय माणसाचं अंग आहे का?" संपादक मला म्हणाले, "महिनाअखेरपर्यंत सिद्ध कर. नाहीतर पहिल्या पानावर माफी."

माफी? मी? तीही खऱ्या बातमीची? गाडीला किक मारली आणि तडक रेंज गाठली.

* * *

रेंज सांभाळतात कदीरभाई. नेमबाजीत त्यांनी राज्य गाजवलंय आणि जिभेचा नेम तर त्याहून पक्का. ते म्हणाले, "मियाँ, गोळी को ओली रद्दी में मारो. सब पता चलता."

आमच्या पेपरचे गठ्ठे आणले, हौदात भिजत घातले, थप्पी मातीच्या बांधासमोर रचली. शेठच्याच दुकानातलं काडतूस भरून कदीरभाईंनी गोळी झाडली आणि आम्ही सगळे रद्दी उपसायला धावलो. पहिलं पान आरपार. अग्रलेख आरपार. माझी बातमी आरपार! गोळी सापडली रविवारच्या पुरवणीत, जशीच्या तशी, चकचकीत. फुलणं सोडा, साधी चपटीही नाही!

मी आनंदाने ओरडलो. कदीरभाईंनी पुरवणी उघडून बघितली. "अरे बाप! तुमचे संपादक का अग्रलेख नै रोक सका, राशिभविष्य ने रोक लिया!"

हे संपादकांच्या कानावर गेलं. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. शेठ फोनवर म्हणाला, "पेपर म्हणजे काय माणसाचं अंग आहे का?"

* * *

मग नानासाहेब पुढे सरसावले. सिल्लोडचे मक्याचे व्यापारी, पिस्तुलाचा परवाना आहे, पण रेंजबाहेर कधी झाडलेलं नाही. त्यांनी मोबाइलवर व्हिडिओ पाहिला होता. "अमेरिकेत पाण्याच्या कॅनवर मारतेत. लई भारी फुटतेत!"

त्यांनी भरलेल्या कॅनची रांग लावली. कदीरभाई नेम धरणार, तेवढ्यात बाजूच्या वस्तीवरच्या गयाबाई थेट आत आल्या. कमरेला घागर.

"काय चाललंय?"

"मावशी, टेस्ट हाय," नानासाहेब म्हणाले.

"नळाला पाणी कवा येईल ह्याचा पत्ता नाय, अन् तुमी पाण्याला गोळ्या घालता व्हय? पाण्यानं काय केलंय तुमचं?"

कदीरभाईंनी पिस्तूल खाली ठेवलं. गयाबाईंनी वस्तीवरच्या बायका बोलावल्या आणि एकेक करत सगळ्या कॅन नेल्या. शेवटची कॅन उचलून द्यायला स्वतः नानासाहेब वाकले! जाता जाता गयाबाई म्हणाल्या, "उद्या बी टेस्ट असली तर सांगा."

* * *

आमच्यात खरी डोकेबाज म्हणजे साळवे मॅडम. कॉलेजात फिजिक्स शिकवतात आणि पिस्तूल नेमबाजीत मेडल आणतात. त्या म्हणाल्या, "अंगाच्या जवळचं काही हवं असेल तर जिलेटिन, जेलीत घालतात ते. पाण्यात विरघळवायचं, गार करून घट्ट लादी बनवायची."

लादी मावेल एवढा फ्रीज फक्त नानासाहेबांकडे. लादी मस्त जमली. सकाळी आम्ही न्यायला गेलो तर निम्मी गायब!

नानासाहेब डोकं धरून बसलेले. "व्याही मुक्कामाला आलते. सकाळी उठून फ्रीज उघडला त्यांनी."

"खाल्ली?"

"वाटीवाटीनं! म्हणले, गोड नाय, पण पोटाला लई थंड हाय."

व्याही शुद्ध शाकाहारी, कांदा-लसूणसुद्धा वर्ज्य. जिलेटिन जनावरांच्या हाडांपासून करतात, हे मॅडम सांगायला लागल्या. नानासाहेबांनी त्यांच्यापुढे हातच जोडले. "मॅडम, पोरगी नांदती हाय तिथं!"

उरलेली निम्मी लादी गाडीत घातली. बाहेर ऊन असं, की रेंज येईपर्यंत लादीचं सूप झालं. मी सूपकडे बघितलं आणि मला माफीच दिसायला लागली!

* * *

महिना संपत आला. मॅडमनी शेवटचा उपाय काढला. "माणूस काय उघडा फिरतो? कपडे असतातच ना! थप्पीपुढे जीन्सचं कापड लावा. टोकाच्या खळग्यात कापडाचा बोळा बसला, तर गोळी फुलत नाही, साधी होऊन पार जाते."

या वेळी मी शेठलाच रेंजवर बोलावलं, संपादकांनाही आणलं. शेठ आला कोऱ्या करकरीत मोठ्या गाडीतून. बॉनेटवर झेंडूचा हार, सीटवरचं प्लॅस्टिकही निघालेलं नाही.

रद्दीची ओली थप्पी तयार होती, या वेळी पहिलीपेक्षा पातळ, माणसाच्या अंगाएवढीच जाड. पुढे जीन्स चढवलेली.

संपादक म्हणाले, "शेठ, गोळी यात थांबली तर माफी उद्याच छापतो."

शेठने थप्पी हाताने दाबून बघितली, छाती फुगवली. "थांबणारच! माझी गोळी कधी आरपार जात नाही. लिहून देतो! मागं लेकरू उभं करा, त्याला खरचटणारसुद्धा नाही!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात कदीरभाईंनी माझा दंड धरला. चष्मा पुसत ते अगदी अदबीने म्हणाले, "बच्चे कू कायकू तकलीफ, सेठ? आपकी गाडी लगा दो ना पीछे!"



शेठने थप्पीकडे बघितलं. मग गाडीकडे बघितलं. मग खिशातून किल्ली काढली, गाडीत बसला, रिव्हर्स घेतली आणि रेंजच्या गेटबाहेर, थेट डांबरी रस्त्यापलीकडे नेऊन लावली.

धापा टाकत परत आला, घाम पुसला आणि म्हणाला,

"हां, आता मारा!"