दादाच्या कारचं ऑइल
इंजिन ऑइलचा डबा उघडला की त्या वासासरशी मला दौलताबादचा घाट आठवतो. घाटापलीकडच्या शाळेत माझा नोकरीचा पहिला दिवस होता, आणि वडील मला त्यांच्या जुन्या मोटारसायकलवर सोडायला निघाले होते. आदल्या दिवशी त्यांनी तिच्यात दादाच्या कारचं उरलेलं ऑइल ओतलं होतं. "बाबा, मोटारसायकलचं ऑइल वेगळं असतं. यानं क्लच घसरंल," दादा म्हणाला होता. "तुझ्या जन्माच्या आधीपासून चालवतोय मी ही," एवढंच ते बोलले. पडेगाव ठीक गेलं. घाटाचा चढ लागला तसं इंजिन नुसतं ओरडायला लागलं, गाडी काही पुढं सरकेना. मी उतरून चालू लागले आणि वडील शेजारून रिकामी गाडी कशीबशी चढवत राहिले. शाळेची प्रार्थना संपून गेली होती. फाटकाशी माझ्या साडीवरची धूळ बघत ते म्हणाले, "दादाला सांगू नको." संध्याकाळी दादा यायच्या आत त्यांनी ते ऑइल काढून नवं भरलं. आता वडील नाहीत. दादा अजून म्हणतो, बाबांचंच बरोबर होतं, त्या ऑइलनं काहीच झालं नाही. मी होकार देते.