शैलाच्या नावाचा कट्टा

"शैला गेली," विजयराव हॉस्पिटलमधून फोनवर एवढंच म्हणाले आणि मी त्यांच्यावर चक्क ओरडले, "काहीतरी काय बोलताय!" आदल्याच संध्याकाळी, मुलुंडच्या आमच्या सोसायटीच्या फाटकाबाहेर, त्यांची बायको मला दटावत होती, "अळू सकाळी ने गं, नाहीतर मीच वड्या करून संपवीन." सकाळी चहा घेता घेता ती खुर्चीतच कलंडली म्हणे... वेळच्या वेळी तपासण्या करणारी, गोडाला हात न लावणारी बाई! महिना उलटून गेला, तरी मला हे पटत नाही. आणि खरं सांगायचं तर रागही जात नाही.

आम्ही समोरासमोर राहणाऱ्या, दाराला दार. फाटकाबाहेर रस्त्याकडेला एक सोनमोहर आहे. त्याच्या बुंध्यापर्यंत सिमेंट थापलेलं होतं आणि वर गाड्या. शेंडा वाळायला लागला तसे लोक म्हणू लागले, पडायच्या आधी तोडून टाका. शैला उसळली. "त्याच्या उरावर गाड्या लावायच्या आणि वाळलं म्हणून गळे काढायचे, हे बरंय!" वॉर्ड ऑफिसात खेटे घालून तिनं परवानगी मिळवली, सिमेंट फोडून घेतलं आणि फुटपाथच्या कडेनं मातीची पट्टी मोकळी केली. तिथं अळू, हळद, तेरडा, सदाफुली लावली. मला खुरपं देताना म्हणाली, "वरवर उकर हं, मुळाला लागलं तर बघ." बुंध्याला मात्र माती टेकू द्यायची नाही, कुजतो म्हणून. गळलेला पाला ती तसाच पसरून ठेवायची. मी विचारलं, "हा बगिचा आहे की उकिरडा?" तर म्हणाली, "पांघरूण आहे ते त्याचं. तुला नाही कळायचं." पुढं कळलं. रस्त्यावरून वाहून जाणारं पावसाचं पाणी तिथं मुरायला लागलं, मे महिन्यातही पाल्याखालची माती हाताला गार लागायची, गांडुळं आली. झाडांमुळे गाड्याही लांब राहिल्या. मग एका उन्हाळ्यात सोनमोहर असा फुलला की तोडा म्हणणारेच खाली उभे राहून फोटो काढत होते.

शोकसभेत सोसायटीचे सेक्रेटरी बोलायला उठले. म्हणाले, "शैलाताईंच्या लाडक्या झाडाभोवती आपण त्यांच्या स्मरणार्थ पक्का कट्टा बांधूया. वर ग्रॅनाइट, त्यावर त्यांचं नाव." बायकांनी डोळे पुसले. विजयरावांनी हात जोडले. बाई गेल्याचा धक्का काय कमी होता? "अहो, तिनं फोडलेलं सिमेंट तुम्ही तिच्याच नावानं परत घालणार?" मी कशीबशी बोलले. सेक्रेटरी समजुतीच्या सुरात म्हणाले, "ताई, भावना समजून घ्या ना. कट्ट्यात माती भरणारच आहोत, अगदी बुंध्यापर्यंत." सगळी चांगली माणसं हो, हीच तर पंचाईत! घरी परतताना मी विजयरावांना विनवलं. ते म्हणाले, "मालतीताई, झाडांतलं मला काय कळतंय? तिचं नाव कुठंतरी राहील, एवढंच..."

विटा आल्या. थेट अळूवर आणि तेरड्यावर रचल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी भांडायच्या तयारीनंच खाली उतरले, तर विजयराव हातात पातेलं घेऊन उभे. "तांदळाचं धुवण आहे," ते ओशाळून म्हणाले. "भात मीच लावतो ना. धुवण ती मागून घ्यायची आणि खाली आणून ओतायची. आता मोरीत ओतायला हातच वळत नाही." ते पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरले. जिकडंतिकडं विटा. मग माझ्याकडे वळून एखाद्या हरवलेल्या मुलासारखं म्हणाले, "आता हे कुठं ओतू हो?"

मलाच रडू आवरेना. त्यांनी पातेलं खाली ठेवलं आणि एक वीट उचलली. मग दुसरी. सेक्रेटरी धावत आले, "विजयराव, अहो, कट्टा..." ते मान वर न करता म्हणाले, "नको. तिचं नाव नको. माती राहू दे." थोड्या वेळानं सेक्रेटरींनीही बाह्या सरसावल्या.

चेपलेल्या अळूला आता नवी पानं येताहेत. रोज सकाळी समोरचं दार उघडतं, पातेल्यावर झाकण ठेवल्याचा आवाज येतो, आणि "शैले, थांब गं, मीही येते," म्हणायला मी अजूनही तोंड उघडते...