पाखडलेली हवा

डोंगरावरच्या दुर्बिणीचा मी राखणदार. ताऱ्यांची न दिसणारी ऊब टिपणारं तिचं यंत्र हल्ली दिवसा सूर्याकडे लावतात. शास्त्रज्ञ बाई म्हणाल्या, "काका, हवेतला कार्बन वायू वाटेत थोडी ऊब खातो. ताऱ्यांच्या हिशेबातून तेवढं आम्ही पाखडून टाकायचो. आता तेच मोजतो."

"म्हणजे टाकलेला कोंडा परत गोळा करताय."

बाई हसल्या.

माझ्या बायकोनं कोंडा कधी टाकला नाही. तिनं जन्मभर याच हवेत श्वास सोडला, शेवटचाही इथंच. श्वासात तोच वायू असतो म्हणे. मग मोजणीत तीही असणार.

मुलगा म्हणतो, "आबा, खाली चला." मी नाही जायचो. धुरानं मोजणी बिघडते, म्हणून तिची चूल मीच मोडली. खालून आलेली भाकरी गार खातो. ती ज्यात आहे, ती मोजणी चुकता कामा नये.