बाळाबाईच्या ताटातल्या चार फोडी

बनाबाईला कोल्हापूर पाठ होतं. शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या बायकांच्या मोर्चाला ती वर्षातनं चार-पाचदा यायची, त्यातनंच शहर शिकली. गगनबावड्याची एसटी रंकाळा स्टँडला सोडते, बाईमाणसाला अर्धं तिकीट. पुढं सगळं पायी. तळं बघायला पैसा लागत नाही, भवानी मंडपाला लागत नाही, देवीच्या मुखदर्शनालाही नाही. वाचलेला पैसा एकाच ठिकाणी घालायचा, मटणाच्या ताटावर.

त्या रविवारी तिनं थोरल्या जावेला, बाळाबाईला, ओढून आणलं होतं. बाळाबाई साठीला टेकलेली. पस्तीस वर्षं त्या घरात मटण तीच शिजवायची. आधी पुरुष, मग पोरं, आणि शेवटी पातेल्याचं बूड भाकरीनं पुसून बाळाबाई. गेल्या जत्रेला ती रिकामी नळी चोखत बसलेली बनाबाईनं बघितली आणि तिचं डोकं फिरलं. हिला एकदा तरी अख्खं ताट बसून खायला घालायचं, आणि वाढायला दुसरं माणूस पाहिजे.

पण बाळाबाई सकाळपासनं एकच विचारत होती, "बना, परतीची गाडी कवा हाय?"

खानावळीत गर्दी होती. खुर्चीमागं माणसं उभी, कधी उठताय म्हणून बघणारी. ताटं आली. मटणाच्या चार फोडी मोजून; तांबडा-पांढरा रस्सा पाहिजे तेवढा. बनाबाईनं पहिला घास घेतला आणि समोर बघितलं. बाळाबाईनं पिशवीतनं डबा काढून मांडीवर ठेवला होता, आणि तीन फोडी त्यात गेल्यापण होत्या.

वाढप्यानं ते बघितलं. मालक आकाराम गल्ल्यावरनं उठून आला.

"मावशी, पाटी वाचली न्हाय व्हय? ताटातलं पार्सल न्यायचं न्हाय."

सगळी खानावळ वळली. बाळाबाई फोडी परत ताटात टाकायला निघाली, तसा बनाबाईनं उठून तिचा हात धरला.

"रस्सा भरला काय आमी डब्यात? फोडी मोजून दिल्यासा न्हवं? मग त्या आमच्या. खाऊ, न्हायतर घरला नेऊ."

"सगळ्यांनी असं केलं तर मी धंदा कसा करायचा? खेड्यातनं येत्यात आन्..."

"खेड्यातनंच बकरं येतंय तुझ्या पातेल्यात. तवा पाटी दाखवतोस काय त्याला?"

कोणीतरी हसलं. आकारामचं तोंड उतरलं. "न्या, न्या," म्हणत तो गल्ल्याकडं गेला.

बनाबाई खाली बसली. जिंकल्याचा रंग तोंडावर होता. तेवढ्यात तिनं बघितलं, बाळाबाईनं डब्याचं झाकण घट्ट लावलंय आणि उरलेली फोड बाजूला सारून ती नुसत्या रश्श्यात भाकरी कुस्करतेय. घरी खाते तशीच. भांडून मिळवलं ते काय, तर हे.

"आक्का, उघड त्यो डबा."

"असू दे गं. नातू वाट बघत असंल."

"त्याला दर जत्रंला मिळतंय. तू खा."

"एकटीनं खाल्लेलं घशाखाली उतरत न्हाय मला."

बनाबाईनं आपलं ताट पुढं सारलं आणि हात आखडून बसली.

"मग मीबी जेवत न्हाय."

"बना, लोकं बघाय लागल्यात."

"बघू देत."

मागच्या माणसानं घसा खाकरला. वाढपी दोनदा येऊन ताटाकडं बघून गेला. जन्मभर दुसऱ्याला वाढलेल्या बाळाबाईला समोरचं भरलं ताट तसंच पडलेलं बघवेना. तिनं बनाबाईच्या ताटाकडं बघितलं, भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं.

"लई वाईट खोड हाय तुझी," ती म्हणाली आणि डबा उघडला.

पहिली फोड तिनं मान खाली घालून खाल्ली, चोरून खाल्ल्यासारखी. दुसऱ्या फोडीला नळी होती. ती तिनं ताटावर आपटली, मगज ओढून घेतला आणि क्षणभर डोळे मिटले. बनाबाईनं बघितलं न बघितलंसं करून आपलं ताट ओढलं.

मग ताटात बाजूला सारलेली फोडही खाल्ली. डब्यातली तिसरी तेवढी तशीच राहिली. बनाबाई त्यावर बोलणार होती, एवढ्यात बाळाबाईनं वाटी उचलली आणि वाढप्याला हाक मारली.

"पावणं, पांढरा आणा की हितं. गरम आणा."